नवतपा आणि नवी पुस्तकं

मे महिना लागला की अख्खं नागपूर पावसाची वाट बघतं. आमच्या घरी मात्र पावसाचं नाव कोणी काढत नसे. बाबा कूलरच्या ताट्या, म्हणजे ज्यांतून पाणी झिरपतं त्या बाजूच्या जाळीच्या चौकटी, भरायचे. महाल भागातल्या आमच्या दोन खोल्यांपुढे एक ओटा होता. फेब्रुवारी संपत आला की त्या ओट्यावर लाकडाच्या कुरळ्या, पिवळसर भुशाचे गठ्ठे येऊन पडायचे. सगळे त्याला खसच म्हणत. खरी खस म्हणजे वाळा, तो फार थोड्यांना परवडायचा, आणि तो ओला झाल्यावर येणारा वास मी बाबांबरोबर धंतोलीतल्या एका बंगल्यात गेले तेव्हाच काय तो घेतला.

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहायला बसले आणि शाळेच्या फाटकाआधी हा ओटाच डोळ्यांसमोर आला. माझ्या दरवर्षीच्या वह्या-पुस्तकांचे पैसे तिथूनच येत होते.

ताटी भरणं दिसतं तितकं सोपं नाही. जुन्या ताटीतली खस वर्षभरात पांढऱ्या क्षाराने कडक झालेली असते, ती खरवडून काढायची. जाळी ब्रशने घासायची. मग चौकट आडवी ठेवून नवी खस मोकळी करत सगळीकडे सारखी पसरायची. कुठे दाट, कुठे विरळ झाली तर पाणी एकाच अंगाने उतरतं आणि कोरड्या जागेतून गरम वारा आत येतो. वरून दुसरी जाळी लावून तारेने आवळायचं. खस मोकळी करायचं काम माझं आणि धाकट्या भावाचं. बोटं खरचटायची आणि त्यावर घाम लागला की चुरचुरायची. रात्री आई खोबरेल तेल लावून द्यायची. डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा आणि सायकलच्या कॅरियरवर ताट्या बांधून भर दुपारी निघालेले बाबा मला अजून जसेच्या तसे दिसतात.

महाराष्ट्र दिनाला निकाल लागायचा. मग वर्गातल्या मैत्रिणी मामाच्या गावी जायच्या. काही जणी इतवारीहून नागभीडच्या छोट्या गाडीत बसायच्या. (ती नॅरोगेज २०१९ मध्ये बंद झाली, तेव्हा फार चुटपुट लागली.) आमचा मामाही त्याच वाटेवर भिवापूरला, पण आम्ही जायचो दिवाळीत. उन्हाळा हा आमचा सीझन होता. त्यातही खरा धंदा नवतप्याचा. २५ मेच्या सुमाराला सूर्य रोहिणी नक्षत्रात गेला की पुढचे नऊ दिवस. ज्यांनी जुन्याच खसवर उन्हाळा काढायचं ठरवलेलं असायचं, तेही त्या नऊ दिवसांत हार मानून आमच्या ओट्यावर यायचे. २३ मे २०१३ ला नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला, त्या बातमीने सगळे हैराण झाले. मी पुण्यात होते. बाबा तेव्हा नव्हते, पण बातमी वाचताना पहिला विचार आला तो त्यांचाच.

आईने शेवयांचा एक रिकामा डबा शाळेसाठी राखून ठेवला होता. रोज संध्याकाळी बाबा हातपाय धुऊन आले की दिवसाच्या कमाईतलं जे काय ठरलं असेल ते डब्यात जायचं. विदर्भात शाळा उशिरा उघडतात. बाकी महाराष्ट्रात जूनच्या मध्यात, आमच्याकडे ऊन बघून जूनच्या शेवटी, माझ्या वेळी २६ तारखेला. इतरांना ती जास्तीची सुट्टी वाटायची. आमच्या घरी त्या दहा-अकरा दिवसांत माझ्या बुटांचे पैसे निघायचे. २६ जून ही शाहू महाराजांची जयंती, हे मला खूप पुढे कळलं. ज्या राजाने १९१७ मध्ये आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, त्याच्या जन्मदिवशी आमची शाळा उघडायची, याचं मला आजही फार अप्रूप वाटतं.

मृग लागला की हवा बदलायची. ७ जूननंतर पाऊस नसला तरी अंग चिकट व्हायचं, कूलर लावूनही गादी दमट लागायची. लोक म्हणायचे, "कूलर काम नाही करून राहिला." मग बाबा गठ्ठ्यांवर ताडपत्री टाकायचे आणि आई डबा खाली काढायची. बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, जाऊन आधी जुनी पुस्तकं बघायची, मिळाली नाहीत तर नवी घ्यायची, आणि दोनशे पानी वह्या डझनाने आणायच्या. कव्हरांना खाकी कागद विकत आणल्याचं आठवत नाही. कूलरच्या मोटारी ज्या खोक्यांतून यायच्या त्यातला जाड कागद आई वर्षभर घड्या घालून ठेवायची. त्याला ग्रीसचा मंद वास यायचा. माझ्या प्रत्येक इयत्तेच्या पुस्तकांना तोच वास होता.

मी आठवीत गेले त्या वर्षी नवतपाच ओला गेला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वादळ आलं आणि मग एक दिवसाआड पाऊस. भरून ठेवलेल्या चाळीसेक ताट्या बाबांनी आतल्या खोलीत भिंतीला लावल्या आणि आम्ही चौघं उरलेल्या जागेत झोपू लागलो. त्यातच आठवीची पुस्तकं बदलली, म्हणजे जुनीही चालणार नव्हती. बाबा काही बोलले नाहीत. आई म्हणाली, "रडू नको बाप्पा, होते सगळं." डब्यात गणवेशापुरते पैसे होते.

पहिल्या दिवशी मी पुस्तकांशिवाय शाळेत गेले. वर्गशिक्षिका बाईंनी विचारलं नाही, नुसतं दप्तराकडे बघितलं. मधल्या सुट्टीत त्यांनी मला ग्रंथालयात नेलं आणि कपाटातला एक अख्खा नवा संच माझ्या हातात दिला. "वर्षभर वापर. कव्हर घाल, म्हणजे पुढच्या मुलीला नीट मिळतील." एवढंच बोलल्या. वर्गात कोणाला काही कळलं नाही. बाईंचं ते गप्प राहणं मला त्या पुस्तकांइतकंच मोलाचं वाटतं.

त्याच वर्षी विज्ञानात बाष्पीभवन आलं. माठातलं पाणी गार का होतं हे सांगून झाल्यावर सरांनी विचारलं, पावसाळ्यात कूलर का चालत नाही? कोणीच हात वर केला नाही. बाबा काय काम करतात हे मी तोवर वर्गात सांगितलं नव्हतं. कोणी विचारलं की "दुकानात असतात" म्हणायचे. त्या दिवशी मात्र उभी राहिले. म्हटलं, उन्हाळ्यातली हवा कोरडी असते सर, ती ताटीतलं पाणी ओढून घेते, पाण्याची वाफ व्हायला उष्णता लागते ती हवेतलीच जाते, म्हणून हवा गार होते. पावसाळ्यात हवेतच पाणी भरलेलं असतं, ती आणखी घेत नाही. सरांनी खडू माझ्या हातात दिला. मी फळ्यावर पत्र्याचा डबा, तीन बाजूंच्या ताट्या, खालची टाकी, मोटार, वरची भोकांची नळी, पंखा असं सगळं काढलं. खस सारखी का पसरायची तेही सांगितलं. सरांनी विचारलं, "हे पुस्तकात नाही. कोणी शिकवलं?"

"बाबांनी. ते ताट्या भरतात."

सर फळ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "सगळ्यांनी ही आकृती वहीत काढून घ्या."

पुढच्या मार्चमध्ये सकाळची शाळा सुरू झाली आणि एका रविवारी सर सायकलवर तीन जुन्या ताट्या बांधून आमच्या ओट्यावर आले. बाबा गडबडून उभे राहिले, हात पुसायला कापड शोधू लागले. आईने बेलाचं सरबत केलं. सर ओट्यावर मांडी घालून बसले आणि बाबांना खोदून खोदून विचारत राहिले, खस किती लागते, दोन वर्षं का टिकत नाही, क्षार कमी कसा करायचा. बाबांना इतकं बोलताना मी पाहिलं नव्हतं. जाताना सरांनी पैसे पुढे केले. बाबा म्हणाले, "पोरीचे गुरुजी तुम्ही, तुमच्याकडून कसे घेऊ?" सर म्हणाले, "काम तुमचं आहे, घ्यावेच लागतील."

आईने त्या नोटा पदराच्या टोकाला बांधल्या आणि सर गल्लीच्या वळणावर गेल्यावर शेवयांच्या डब्यात टाकल्या. त्या वर्षीचा डब्यातला तो पहिला पैसा होता.