आठ जून की सहा ऑगस्ट? रिकव्हरी कोर्टातलं माझं पहिलं वर्ष

लग्नाआधी चार वर्षं मी कराडला एका वकिलांच्या ऑफिसात होते. टायपिंग, वकालतनामे, पक्षकारांना फोन, आणि रोज सकाळी कोर्टात जाऊन बोर्डावर आपल्या किती केसेस आहेत ते बघून येणं. त्यामुळे न्यू जर्सीत आल्यावर, मुलं मोठी झाल्यावर आणि नागरिकत्वाचे कागद हाती आल्यावर इथल्या कोर्टात क्लार्कच्या जागेची जाहिरात बघितली, तेव्हा हे आपल्याला जमेल असं आतून वाटलं. अर्ज, मुलाखत, बोटांचे ठसे, मागची सगळी चौकशी यात बरेच महिने गेले. नेमणूक मिळाली ती रिकव्हरी कोर्टाच्या टीमला मदतनीस म्हणून.

अशा कोर्टांना इथे एकत्रितपणे ट्रीटमेंट कोर्ट म्हणतात. ज्याच्या गुन्ह्याच्या मुळाशी व्यसन आहे, त्याला तुरुंगाऐवजी उपचारांची वाट मिळते, पण ती न्यायाधीशांच्या देखरेखीखाली. नियमित हजेरी, लघवीची तपासणी, समुपदेशन, नोकरी किंवा शिक्षण, हे सगळं पाळायचं. असं पहिलं कोर्ट १९८९ मध्ये मायामीला सुरू झालं. न्यू जर्सीत आता सगळ्या २१ काउंट्यांमध्ये आहे आणि कार्यक्रम पाच वर्षांपर्यंत चालू शकतो. आधी त्याला ड्रग कोर्ट म्हणत. जानेवारी २०२२ पासून अधिकृत नाव रिकव्हरी कोर्ट झालं. हा नावातला बदल मला महत्त्वाचा वाटतो, कारण त्या दारातून आत येणारा माणूस पाटी वाचतोच.

मुलाखतीत मला विचारलं होतं, याच कोर्टात का यायचंय? मी माझ्या काकांबद्दल सांगितलं. मी शाळेत असताना काका दारूपायी गिरणीतली नोकरी आणि निम्मं शेत घालवून बसले होते. शेवटी वडिलांनी त्यांना पुण्याला मुक्तांगणमध्ये नेलं. परत आल्यावर काका रोज रात्री जेवण झालं की कालनिर्णयच्या त्या दिवसाच्या चौकटीत पेन्सिलीने एक बारीक टिंब काढायचे. ‘फक्त आजचा दिवस’ म्हणायचे आणि झोपायला जायचे. एकदा नव्या वर्षाचं कालनिर्णय भिंतीवर लागलं आणि काकूने जुनं रद्दीत टाकलं. काका संध्याकाळी रद्दीवाल्याच्या दुकानात गेले आणि गठ्ठे उपसून ते घेऊन आले. तेव्हा मला त्यांचं ते वागणं कळलं नव्हतं.

कामाचं सांगते.

पहिले दोन आठवडे मी फक्त वाचत होते, आणि त्यात सगळ्यात जास्त वेळ गेला तो गोपनीयतेच्या नियमांत. व्यसनाच्या उपचारांच्या नोंदींसाठी अमेरिकेत वेगळा, अगदी कडक नियम आहे. ऑफिसात सगळे त्याला ‘पार्ट टू’ म्हणतात. माणसाची लेखी संमती असल्याशिवाय उपचार केंद्राने कोर्टाला काही कळवायचं नाही. त्या संमतीपत्रावर कोण कोणाला कळवणार, काय कळवणार, कशासाठी आणि कुठवर, हे सगळं लिहिलेलं हवं. एक रकाना जरी रिकामा राहिला तरी केंद्र अहवाल पाठवत नाही, आणि अहवाल नसला की बुधवारच्या बैठकीत त्या माणसाबद्दल कोणाला काही सांगता येत नाही. म्हणून खिडकीशी आलेल्या प्रत्येकाचं संमतीपत्र मी त्याच्यासमोरच वरपासून खालपर्यंत वाचते. वाचताना अडखळणारे बरेच असतात. त्यांना मोठ्याने वाचून दाखवते. स्पॅनिश बोलणारा असेल तर दुभाषा मागवल्याशिवाय सही घेत नाही.

फोनचंही तसंच. कोणाच्या घरी निरोप ठेवायचा तर माझं नाव आणि नंबर, एवढंच. कोर्ट हा शब्दसुद्धा नाही. निरोप आई ऐकेल, घरमालक ऐकेल, नवा बॉसही ऐकेल. पहिल्या आठवड्यात माझ्या तोंडून ‘रिकव्हरी कोर्टातून बोलतेय’ निघता निघता राहिलं आणि मी फोन खाली ठेवून पुन्हा लावला.

पण या कामाचा प्राण म्हणजे बुधवारची शीट. दर बुधवारी सकाळी टीमची बैठक होते, तिला स्टाफिंग म्हणतात. न्यायाधीश, सरकारी वकील, बचाव पक्षाचे सरकारी वकील, प्रोबेशन ऑफिसर, उपचारांची गरज तपासणारे, केंद्रांचे प्रतिनिधी, सगळे एका टेबलाभोवती. आपल्याकडे सरकारी वकील आणि आरोपीचे वकील एका टेबलाशी बसून ‘याची बस चुकते, त्याला पास काढून देऊ या का’ असं बोलताना मी कधी पाहिले नव्हते. दुपारी कोर्ट भरतं. दोन्ही ठिकाणी सगळ्यांच्या हातात एकच कागद असतो, आणि तो मी तयार करते.

शीटवर माणसामागे एक ओळ. नाव, कितवा टप्पा, गेल्या वेळेपासून किती तपासण्या झाल्या आणि त्यांचे निकाल, उपचारांना हजेरी, नोकरी, घर, पुढची तारीख. निकालांच्या खुणा मला शिकायला लागल्या. पॉझिटिव्ह-निगेटिव्ह सोपं. पण ‘आला नाही’ वेगळं आणि ‘आला पण नमुना देता आला नाही’ वेगळं. क्रिएटिनिन (लघवीत एरवी असणारा एक घटक) २० च्या खाली आलं की नमुना पातळ धरतात. तो मुद्दाम भरपूर पाणी प्यायलेल्याचा असू शकतो, तसाच दिवसभर उन्हात काम करून बाटल्याच्या बाटल्या रिचवणाऱ्याचाही. म्हणून त्या खुणेशेजारी माणूस काय काम करतो तो रकाना ठेवावा असं मी सुचवलं, आणि तो ठेवला गेला. सुरुवातीची झटपट चाचणी पॉझिटिव्ह आली आणि माणूस नाकारत असला, तर नमुना प्रयोगशाळेत पक्क्या तपासणीला जातो. तो निकाल येईपर्यंत त्या चौकटीत ‘प्रलंबित’ लिहायचं, दुसरं काही नाही. काही औषधांनीही झटपट चाचणी चुकते, त्यामुळे हा शब्द मी कधी घाईत बदलत नाही.

शेवटचा रकाना सोबर डेटचा. माणूस कोणत्या तारखेपासून नशेपासून दूर आहे ती तारीख. शीट त्यावरून दिवस मोजते. न्यायाधीश प्रत्येकाला पुढे बोलावतात, तो आकडा मोठ्याने वाचतात आणि सगळं कोर्ट टाळ्या वाजवतं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी चरकले होते. कोर्टात टाळ्या? आता बुधवारी मीही वाजवते, हातातलं पेन खाली ठेवून.

चूक याच रकान्यात झाली, आणि ती माझी होती. (ओळख पटेल असे सगळे तपशील मी बदलले आहेत, तारखासुद्धा.)

माझ्या आधीच्या बाईंनी काही नोंदी हाताने लिहिलेल्या कार्डांवर ठेवल्या होत्या. त्या शीटमध्ये भरायचं काम माझ्याकडे आलं. एका कार्डावर लिहिलं होतं ०६/०८. इथे महिना आधी आणि दिवस नंतर लिहितात, म्हणजे आठ जून. हे मला ठाऊक होतं, इतकी वर्षं इथे काढली आहेत. पण शाळेपासून, आणि नंतर वकिलांच्या डायरीत, दिवस आधी आणि महिना नंतर लिहिलेला हात आहे हा. त्या दिवशी दुपारी चाळीसेक कार्डं भरून झाली होती. मी सहा ऑगस्ट भरलं आणि पुढच्या कार्डाकडे वळले.

कार्डावरचा माणूस तिशीतला, छपरं घालण्याचं काम करणारा. सोळा ऑक्टोबरच्या बुधवारी त्याची पाळी आली. न्यायाधीश कागद बघून हसून म्हणाले, “आज ७१ दिवस.” टाळ्या सुरू झाल्या. तो उभाच राहिला. टाळ्या थांबल्यावर म्हणाला, “माझे १३० झाले, जज.”

सरकारी वकिलांनी शीट जवळ ओढली. प्रोबेशन ऑफिसर वही चाळू लागले. अशा वेळी सगळ्यांच्या मनात एकच येतं, की मधे कुठेतरी पाय घसरला आणि हा लपवतोय. त्यालाही ते दिसलं असणार. कारण तो पुढे हळूच म्हणाला, “कदाचित माझंच मोजण्यात चुकलं असेल.”

त्याच्या या वाक्याने मी जागची हलले. १३० उणे ७१, म्हणजे ५९. आठ जून ते सहा ऑगस्ट बरोबर ५९ दिवस. माझ्या जागेवरून कोर्टात बोलायची पद्धत नाही. कराडच्या कोर्टात मी कधी तोंड उघडलं नव्हतं आणि इथेही नाही. पण मी उभी राहिले आणि म्हटलं, “माफ करा, न्यायमूर्ती. तारीख मी उलटी भरली आहे. चूक शीटमध्ये आहे, यांच्या मोजण्यात नाही.” माझा आवाज कापत होता. त्यांनी मला कार्ड आणायला सांगितलं, स्वतः बघितलं, प्रोबेशन ऑफिसरच्या वहीशी ताडून घेतलं, आणि रेकॉर्डवर तारीख दुरुस्त करवली. मग त्याला पुन्हा पुढे बोलावून आकडा पुन्हा वाचला. १३०. टाळ्या पुन्हा झाल्या, आधीपेक्षा मोठ्या.

मला कोणी रागावलं नाही. त्याचा त्रास जास्त झाला.

कोर्ट उठल्यावर तो माझ्या खिडकीशी आला. मी माफी मागितली. त्याने मान हलवली आणि म्हणाला, “ती तारीख मला एका कागदावर लिहून द्याल? तुमच्या हाताने.” मी पिवळ्या चिठ्ठीवर ८ जून लिहिलं, महिना अक्षरांत, खाली ऑफिसचा शिक्का मारला. असा शिक्का मारायला नको होता बहुतेक. त्याने चिठ्ठी पाकिटात परवान्यामागे सरकवली. घरी जाताना गाडीत मला काका दिसत होते, रद्दीच्या दुकानात गठ्ठे उपसणारे.

त्या रात्री मी सगळी कार्डं पुन्हा काढायचं ठरवलं, आणि पुढचे तीन दिवस तेच केलं. ज्या तारखेत दोन्ही आकडे बारापर्यंतचे असतात, तिथेच ही चूक लपते. बाराच्या पुढचा आकडा असला की शीट आपोआप अडवते. तशा तारखा वेगळ्या काढून एकेक प्रोबेशन ऑफिसरला फोन करून पडताळल्या. आणखी एक चुकलेली सापडली. ती अजून कोर्टात वाचली गेली नव्हती. तेव्हापासून आमच्या शीटमध्ये महिना अक्षरांतच लिहितात, आणि दर मंगळवारी दुपारी तारखांचा रकाना मी आणि एक प्रोबेशन ऑफिसर मिळून वाचतो. ती वाचते, मी कार्डावर बोट ठेवते.

नवीन कोणी अशा कामाला लागणार असेल, विशेषतः आपल्याकडून आलेलं, तर माझं पहिलं सांगणं हेच. कायद्याची कलमं, सॉफ्टवेअर, सगळं शिकवतात. तुमच्या हाताला लागलेली जुनी सवय कोणी शिकवत नाही, ती तुम्हीच शोधायची. दुसरं, शीटमधला माणूस कधीतरी डोळ्यांनी बघा. मला दुपारच्या कोर्टात बसण्याची सक्ती नव्हती, मी मागून घेतली. बसले नसते तर ते ७१ कायम राहिले असते, आणि त्याने ते मान्यही केलं असतं.

वाईट बातम्याही याच टेबलावर येतात. माझ्या खणात नाकात फवारायच्या नालोक्सोनचा, म्हणजे अफूसारख्या नशेचा अतिडोस उतरवणाऱ्या औषधाचा, डबा असतो. एका सोमवारी सकाळी फोन आला आणि मला एका ओळीपुढे ‘मृत’ भरावं लागलं. त्याबद्दल मला इथे जास्त लिहिता येणार नाही.

छपरं घालणारा पुढचे टप्पे पार करत गेला. ग्रॅज्युएशनच्या दिवशी त्याची आई आली होती, त्याच्या लेकीला कडेवर घेऊन. प्रमाणपत्र मी छापलं, तारखा तीनदा वाचल्या. न्यू जर्सीत २०१६ पासून अशी सोय आहे की कार्यक्रम यशस्वीपणे पूर्ण करणाऱ्याचं गुन्ह्यांचं रेकॉर्ड, काही गंभीर गुन्हे वगळता, न्यायाधीश पुसून टाकण्याचा हुकूम देऊ शकतात. हुकूम निघाला की कामाची शेवटची फेरी सुरू होते. जिथे जिथे अटक झाली त्या प्रत्येक ठिकाणच्या पोलिसांना, राज्य पोलिसांना, वेगवेगळ्या कोर्टांना त्याच्या प्रती पोचाव्या लागतात. एक ठिकाण सुटलं तर उद्या नोकरीच्या चौकशीत तीच जुनी अटक वर येते. त्याच्या यादीतली प्रत्येक पोच मी फाईलला लावली.

रेकॉर्ड पुसणं म्हणजे कागद फाडणं नव्हे. कागद इतरांपासून वेगळे काढून बंद ठेवतात, आणि त्याबद्दल कोणी विचारलं तर असं रेकॉर्ड नाही असंच उत्तर जातं. माझ्याकडचं कार्डही त्यातच जायचं होतं. ०६/०८ वाचलं, लखोट्यात घातलं, लखोटा बंद केला. मग शीट उघडून त्याची ओळ काढली. खालच्या ओळी एकेक वर सरकल्या. खिडकीशी एक मुलगी संमतीपत्र घेऊन उभी होती, तिने तारखेच्या जागी काय लिहायचं ते विचारलं. मी म्हटलं, महिना अक्षरांत लिही.