बुधल्याची गोधडी

जानेवारीत मिनियापोलिसला बाहेर उणे २० असतं, तेव्हा आमच्या बेसमेंटमध्ये १३ अंश. माणसाचं स्वेटरवर भागतं, पण तिथे मी करतो त्या एल बिअरच्या (उबेत आंबणाऱ्या बिअरच्या) यीस्टचं भागत नाही. त्याला १८ ते २० लागतात. त्याखाली ते अंग चोरतं आणि तळाशी जाऊन झोपतं.

पहिल्या हिवाळ्यात मी १९ लिटरच्या काचेच्या बुधल्याला गरम होणारा पट्टा बांधला, थर्मोस्टॅट आणला आणि सेन्सर शेजारच्या खिळ्याला टांगला. तिथेच शेण खाल्लं. सेन्सर मोजत होता बेसमेंटची हवा, आणि ती काही २० वर येईना. पट्टा बिचारा अखंड तापत राहिला. त्यात आंबताना यीस्ट स्वतःही उष्णता सोडतं. ऐन भरात बिअर खोलीपेक्षा तीन-चार अंश गरमच असते. तिसऱ्या दिवशी बुधल्याला हात लावला, तर ताप भरलेल्या पोराच्या कपाळासारखा. महिन्याने बाटली उघडली तर नेलपॉलिशचा वास! हौसेने बोलावलेला मित्र ‘वेगळी लागते’ म्हणाला आणि चहा टाक म्हणाला.

आता सेन्सर थेट काचेला चिकटवतो, वर फोमचा तुकडा.

शेजारी म्हणतो, आयते १३ अंश आहेत तर लागर, म्हणजे थंडीत आंबणारी बिअर, कर की. त्याचं बरोबर आहे. थंडीत आंबवलेली बिअर चांगली होते म्हणून बव्हेरियात १५५३ साली २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर बिअर करायला बंदीच घातली होती. पण लागर महिना-दोन महिने गारठ्यात मुरवावी लागते. एवढा दम कुणाला आहे?

खरी मेख पुढेच कळली. पहिले तीन दिवस वर जाड फेस, एअरलॉकमधून (आतला वायू बाहेर सोडणाऱ्या बुचातून) डुबुक डुबुक. तेव्हा यीस्टला आपल्या उबेची फारशी गरज नसते. गरज लागते सगळं शांत झाल्यावर. भरात असताना त्याने डायअसिटिल करून ठेवलेलं असतं, पॉपकॉर्नवरच्या लोण्यासारख्या वासाचं. ते यीस्टच परत खाऊन टाकतं, पण ऊब असली तर. आणि बुधला गार पडतो नेमका तेव्हाच.

म्हणून चौथ्या दिवशी पट्ट्यावरून आईने शिवलेली गोधडी गुंडाळतो. परवा फोनवर तिने विचारलं, “गोधडी वापरतोस ना रे?”

“रोज,” म्हटलं. “विरजणाला.”

“तिकडे दही लागतं का रे एवढ्या थंडीत?”

“लागतं. पाच-सहा दिवस लागतात.”