काळी दोनचं गाणं

बेळगावात शहापूरच्या आमच्या दुकानात हल्ली टर्नटेबलं येतात ती बहुतेक माळ्यावरून उतरवलेली. रबर वाळून दगड झालेलं, सुई मोडलेली, मोटरीत तेलाचा थेंब नाही. उघडलं की दुखणं समोर दिसतं. त्या दिवशी टिळकवाडीचे काका जे यंत्र घेऊन आले त्यात दिसण्यासारखं काहीच नव्हतं. पट्टा नवा, सुई नवी, रेकॉर्डवर एक ओरखडा नाही.

"सगळं ठीक आहे म्हणतात, खरं काहीतरी चुकालंय," काका म्हणाले. "हा सॅक्सोफोनवाला डेस्मंड नव्हे. दुसराच कुणीतरी वाजवालाय असं वाटतं."

काका बँकेतून निवृत्त झालेले, वय पंचाहत्तरीच्या पुढे. माझे वडील दुकान सांभाळायचे तेव्हापासूनचं हे गिऱ्हाईक. त्यांचा शॉर्टवेव्हचा रेडिओ आमच्याकडे यायचा. व्हॉईस ऑफ अमेरिकेवर १९५५ पासून विलिस कोनोव्हर नावाचा निवेदक जाझचा कार्यक्रम करायचा, जगभरच्या लोकांना कळावं म्हणून सावकाश, एकेक शब्द सोडवून बोलायचा. काकांचं जाझही त्यातूनच लागलं आणि इंग्रजीही. स्टेशन सरकलं की दुसऱ्या दिवशी सकाळी रेडिओ आमच्या टेबलावर. पुढं बदली मुंबईला झाली तेव्हा काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमधून त्यांनी एकेक करून रेकॉर्डी जमवल्या.

हे टर्नटेबल त्यांच्या भाच्यानं अमेरिकेहून आणलेलं. तिथं वीज १२० व्होल्टची, आपली २३०ची, म्हणून मधे ट्रान्सफॉर्मर बसवलेला. वाजत होतं. पण काकांना ते गाणं मरगळलेलं वाटायचं. घरच्यांनी आधी समजूत काढली, मग कान तपासायला नेलं. डॉक्टरांनी कागद दिला की वरच्या पट्टीतलं ऐकू कमी येतं, वयाला धरून आहे. झालं, घरात निकाल लागला. एका कारागिरानंही यंत्र बघून सांगितलं होतं की वेगात तसूभर फरक नाही, दोष ऐकण्यात असेल. काकांनी हे मला सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज जरा खाली गेला. मला ते लागलं. साठ वर्षं जे गाणं माणसानं ऐकलंय, त्याच्याबद्दल तो काही सांगतोय तर आधी यंत्रावर संशय घ्यावा, माणसावर नव्हे.

काकांचा स्वतःचा संशय मात्र तिसरीकडेच होता. त्यांनी पिशवीतून जाझ ट्रम्पेटवाल्या माइल्स डेव्हिसची 'काइंड ऑफ ब्लू' काढली. ही रेकॉर्ड १९५९ साली न्यूयॉर्कला दोन बैठकांत ध्वनिमुद्रित झाली, २ मार्च आणि २२ एप्रिल. मार्चच्या बैठकीत एक टेपयंत्र किंचित हळू चालत होतं. हळू चाललेल्या टेपवर भरलेलं गाणं बरोबर वेगानं वाजवलं की ते चढं येतं, आणि पहिली बाजू जगभर तशीच चढी विकली गेली. दुरुस्त आवृत्ती आली ती १९९२ साली. काकांकडची प्रत त्याआधीची. मुलाच्या मोबाइलवरचं आणि रेकॉर्डवरचं जुळत नाही ते यामुळेच असणार, असं ते धरून चालले होते.

"काका, मोबाइलवर चढं वाटतं की रेकॉर्डवर?"

"मोबाइलवर."

मग हिशेब उलटा झाला. त्या जुन्या चुकीनं रेकॉर्ड चढी लागायला हवी. ही उतरलेली होती, आणि दोन्ही बाजूंना सारखीच.

योगायोगानं एका भजनी मंडळाची पेटी माईक बसवायला दुकानात आलेली होती. काकांना म्हटलं, पट्टी ठाऊक असलेलं काहीतरी लावा. त्यांनी डेव्ह ब्रुबेकच्या चौकडीचं 'टेक फाइव्ह' लावलं, पॉल डेस्मंडनं रचलेलं. "ई फ्लॅट मायनर," काका म्हणाले. म्हणजे आपली काळी दोन. मी भाता मारला आणि काळी दोन दाबून धरली. नुसता कलकलाट. एकेक पट्टी खाली सरकत गेलो आणि पांढरी एकवर सूर येऊन बसला. तीन पट्ट्या खाली! काका माझ्या बोटाकडे बघत होते. डेस्मंडचा आल्टो सॅक्सोफोन, पातळ आणि वर तरंगणारा, तो तीन पट्ट्या उतरून जाडसर टेनर सॅक्सोफोनसारखा झाला होता. माणूस ओळखू येईना हे काकांचं म्हणणं शब्दशः खरं होतं.

मग त्या कारागिराला वेग बरोबर कसा दिसला? यंत्राबरोबर कागदाची एक चकती आली होती, कडेला बारीक काळ्या रेघा छापलेली. तबकडीवर ठेवून ट्यूबलाइटखाली फिरवायची, रेघा जागच्या जागी उभ्या दिसल्या तर वेग बरोबर. मी ठेवली. रेघा उभ्या, ढिम्म हलेनात.

मी चकती उचलून रेघा मोजल्या. २१६ भरल्या. माझ्या ड्रॉवरातल्या चकतीवर १८० आहेत. आपली वीज सेकंदाला ५० हेलकावे घेते, अमेरिकेतली ६०. जुन्या चोकची ट्यूब दर हेलकाव्याला दोनदा लुकलुकते, त्याच लुकलुकीत रेघा थांबल्यासारख्या दिसतात. मोटरही हेलकाव्यांवरच चालणारी, वीज ५०ची मिळाली की तिचा वेग सहातला एक हिस्सा कमी होतो. आता मोटर जेवढी मंदावली तेवढीच ट्यूबची लुकलुकही अमेरिकेपेक्षा कमी. दोघी एकाच तारेवर, एकाच प्रमाणात मागं पडलेल्या, मग त्या ६०च्या चकतीला फरक कळणार कुठून? ट्रान्सफॉर्मरनं व्होल्ट उतरवले होते, हेलकावे त्याच्या हातात नसतात.

माझी १८०ची चकती ठेवली तर रेघा उलट्या धावत सुटल्या. खात्री म्हणून तबकडीला कागदाचा कपटा चिकटवला आणि काकांनाच फेऱ्या मोजायला लावल्या. मिनिटाला ३३ आणि वर एक तृतीयांश हव्यात, २८सुद्धा भरेनात. साठाला पन्नासानं भागलं की सहा पंचमांश. षड्जापासून कोमल गंधार बरोबर तेवढाच दूर असतो, म्हणजे पेटीवरच्या तीन पट्ट्या. काकांनी ते ऐकलं आणि नुसतं "बघ," एवढंच म्हणाले.

दुरुस्ती म्हणजे मोटरीवरची पुली त्याच प्रमाणात मोठी करणं. अशी पुली बेळगावात विकत कुठली मिळायला, पण कातून देणारे हात भरपूर. काकांना स्कूटरवर बसवलं आणि तिसरं रेल्वे गेट ओलांडून उद्यमबागेत गेलो. ओळखीच्या टर्नरनं जुनी पुली व्हर्नियरनं मापली, साडेबारा मिलिमीटर. "म्हणजे पंधरा," तो म्हणाला. पण पट्ट्याची जाडी अर्धा मिलिमीटर, तीही पुलीबरोबर फिरते, म्हणून ती धरून गुणायचं आणि मग वजा करायची. तेराचे झाले १५.६, त्यातून अर्धा गेला, १५.१. त्या एका दशांशासाठी मी हटून बसलो. कानाला तो कळतो.

टर्नर मात्र माझ्याहून चोख निघाला. पितळेचा तुकडा एकदा चकमध्ये पकडला तो काम संपेपर्यंत सोडला नाही. बाहेरचा व्यास आणि मधलं भोक एकाच पकडीत केलं, नाहीतर भोक केसभर बाजूला जातं आणि सूर प्रत्येक फेरीला हेलपाटतो. शेवटी मधोमध पुसटसा फुगीर आकार ठेवला. पट्टा नेहमी उंचवट्याकडे चढतो, त्यामुळे तो मधेच राहतो. पितळेचा चुरा उडत होता आणि काका स्टुलावर बसून त्याच्याशी गप्पा मारत होते. ब्रुबेक १९५८ साली मुंबईत वाजवून गेला, ड्यूक एलिंग्टन १९६३ साली भारतात आला, पुढच्या वर्षी लुई आर्मस्ट्राँग. गोव्याचा चिक चॉकलेट ट्रम्पेट कसा वाजवायचा आणि सी. रामचंद्रांच्या वाद्यमेळात तो कसा मिसळून गेला. तिथून गाडी बासमती तांदळावर, मग मांडे आता घरी कोण करतं यावर, मग परसातल्या अळूवर. टर्नर स्वतः पखवाज वाजवतो, त्यानं एलिंग्टनपेक्षा अळूत जास्त रस घेतला. पण काम झाल्यावर हात पुसून आमच्या मागोमाग दुकानात आला. पाच मात्रांचं गाणं त्याला ऐकायचं होतं.

पुली बसवली. १८०च्या रेघा उभ्या राहिल्या. 'टेक फाइव्ह' लावलं, पेटीवर काळी दोन दाबली आणि सूर त्यात मिसळून गेला. मोबाइलवर वेळ लावली होती, पाच मिनिटं चोवीस सेकंदांचं गाणं तेवढ्यातच संपलं. सकाळी ते साडेसहा मिनिटं रेंगाळत होतं. टर्नर मांडीवर ताल धरून बसला होता. "झपतालात दोन मग तीन. हे तीन मग दोन," म्हणाला आणि चौकडीतल्या जो मोरेलोचा ड्रम पुन्हा लावायला सांगितला. काकांनी फोन काढून मुलाला लावला आणि माझ्या हातात दिला. "त्याला सांग." मी ५० आणि ६०चा हिशेब सांगितला. पलीकडून थोडा वेळ काहीच आलं नाही, मग "बाबांना द्या जरा." काय बोलणं झालं ते मी ऐकलं नाही, पेटीचा माईक लावत बसलो.

मग काकांनी 'काइंड ऑफ ब्लू'ची पहिली बाजू लावली. 'सो व्हॉट' पांढरी दोनमध्ये हवं, ते तिच्या अंगावर किंचित वर बसलं. न्यूयॉर्कच्या त्या टेपयंत्राची चूक, आता बिनभेसळ ऐकू येणारी.

"एवढ्या एका बाजूसाठी जरा बारीक पुली कातता येईल?" काकांनी विचारलं.

मी नको म्हणालो. छापली तशी ती रेकॉर्ड आहे, ३३ वर्षं जगानं तशीच ऐकली. काकांचं म्हणणं, वादकांनी वाजवलं ते वेगळं होतं आणि मला ते ऐकायचंय. दुकान बंद करायची वेळ झाली तरी आमचं एकमत होईना. टर्नर काकांच्या बाजूनं गेला. दुसऱ्या पुलीचं माप मी त्याला लिहून दिलंय.