नवीन का?

मंगळवार, रात्री

"नवीन का गं तू?"

एवढंच विचारलं काकूंनी. काल सकाळी, जिममध्ये, साडेसहाच्या बॅचला. आणि मी म्हणाले, "हो."

का म्हणाले ते कालपासून उमगत नाहीये. 'हो' तोंडातून निसटला आणि मग गिळता येईना. आठ महिने झालेत मला तिथे नाव नोंदवून. राग यायला हवा होता खरं तर. आठ महिन्यांत एवढीही ओळख पटू नये? पण राग आलाच नाही. उलट क्षणभर इतकं हलकं वाटलं की आता त्या हलकं वाटण्याचीच लाज वाटतेय.

नवीन म्हटलं की सगळं माफ असतं ना. दहा मिनिटांत धाप लागली, लागू दे, नवीन आहे. डंबेल तीन किलोचेच उचलले, उचलू दे, नवीन आहे. पोट अजून तसंच, अर्थात, आत्ताच तर आलीय. आठ महिने जुन्या बाईला यातलं एकही कारण मिळत नाही. तिला फक्त विचारतात, "काय मग, किती उतरलं?"

बरं, 'हो' म्हणून सुटले असते तर ठीक होतं. काकू सुटू देणाऱ्यांतल्या नाहीत. "ये, दाखवते तुला सगळं." खांद्यावर तो हिरवा टॉवेल टाकून पुढे निघाल्यासुद्धा, आणि मी मागोमाग, शाळेच्या पहिल्या दिवसासारखी. वजन ठरवायची पिन कशी ओढायची, पुरती आत गेली की नाही ते कसं बघायचं, वजन खाली आणताना दाणकन सोडायचं नाही, उठताना मशीन पुसायचं. मी आपली "अच्छा", "हो का", "बरं बरं". शाळेच्या नाटकात कायम झाड झालेली मी, काल बऱ्यापैकी निभावलं म्हणायचं.

मग चेस्ट प्रेस, बसून हँडल पुढे ढकलायचं ते मशीन. म्हटलं, इथे तरी चूक व्हायला नको. बसले, हँडल धरले.

"अगं, केवढी खाली घेतलीस सीट!"

मी बघतच राहिले.

"हँडल छातीच्या मध्यावर यायला पाहिजेत. तुझे बघ, गळ्याशी आलेत. अशाने खांदे दुखतील."

दुखतात. मार्चपासून दुखतात. मी ते वयावर ढकललं होतं, मग उशीवर, मग कॉम्प्युटरवर. दोन उश्या बदलून झाल्या. काकूंनी सीटखालची खुंटी ओढली, सीट वर सरकवली, खट, खट, खट. पहिल्या भोकावरून चौथ्या भोकावर. "आता ढकल." ढकललं, तर १५ किलो इतके अलगद पुढे गेले की पिन निसटली असेल म्हणून मी मान वळवून बघितलं. पिन जागेवरच होती.

आठ महिने. एक खुंटी ओढून बघायला आठ महिने सुचलं नाही.

सुचणार कसं? सीट तिने लावली होती, आधी माझ्या जोडीने यायची तिने. पहिल्याच दिवशी, स्वतःच्या उंचीला. ती माझ्याहून वीतभर उंच. तिचा सेट झाला की माझा, माझा झाला की तिचा, मध्ये सीट हलवायची कशाला. नंतर एकटी जायला लागले तेव्हाही, दुसऱ्या कोणी सीट वर करून ठेवलेली दिसली की मी न चुकता खाली आणायचे. 'आपली' सीट म्हणून. कोणाची होती आणि मी कोणाची समजत होते... असो. तो विषय आज नको.

निघताना काकू म्हणाल्या, "रजिस्टरमध्ये सही केलीस का?" पोटात गोळा आला. त्या रजिस्टरमध्ये माझं सगळं बिंग आहे. काकू चपला घालून गेल्या आणि मग मी ते दोरीला बांधलेलं पेन (रिफिल कायम अर्धमेलं, आधी पुठ्ठ्यावर गिरवावं लागतं) हातात धरून मागची पानं उलटत बसले. मोजल्या सह्या. ६१.

आठ महिन्यांत ६१. त्यातल्या पहिल्या ३८ जोडीच्या. तिची सही ऐसपैस, खालच्या ओळीत शेपूट सोडणारी, आणि त्या शेपटाखाली दबलेली माझी. उरलेल्या २३ मोकळ्याढाकळ्या, आजूबाजूला भरपूर जागा. जुलैच्या पानावर तीन.

मग काय, हिशेबाचा किडा वळवळला. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना सांगते की आठवड्याला निदान १५० मिनिटं मध्यम व्यायाम हवा, शिवाय दोन दिवस स्नायूंना ताकद येईल असं काहीतरी. ३४ आठवड्यांचे होतात ५१०० मिनिटं. माझे ६१ दिवस, दिवसाला ४० मिनिटं धरली (पाणी पिणं आणि आरशात बघणं धरून), तर २४४०. निम्मीसुद्धा नाहीत. 'हो, नवीन आहे' हे निम्म्याहून जास्त खरंच होतं की.

पाणी प्यायच्या जागेवर तो कागद चिकटवलाय, '२१ दिवसांत सवय लावा'. जानेवारीत बाविसाव्या दिवशी मी त्याच्यासमोर उभी राहून स्वतःला चाचपलं होतं. सवय बिवय काही लागल्यासारखी वाटेना. रात्री झोप येईना तेव्हा वाचलं की लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना रोज एक नवी गोष्ट करायला सांगून हे मोजलं होतं. सवय अंगवळणी पडायला लागले सरासरी ६६ दिवस. कोणाला १८, कोणाला २५४. प्रयोग ८४ दिवसांचाच होता, २५४ हा आकडा आलेख पुढे ओढून काढलेला. म्हणजे त्या बिचाऱ्याची सवय प्रयोग संपला तरी लागलेली नव्हती. माझा जीव लगेच त्याच्यावर जडला. कोण असेल तो किंवा ती. पाणी पिण्यासारख्या सवयीपेक्षा व्यायामाची सवय उशिरा लागते, असंही त्यात आहे. आणि एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही, असंही आहे. एखादा दिवस. सलग एकोणीस दिवसांबद्दल कोणी काही लिहिलेलं मला सापडलं नाही.

६६ म्हणे. मी ६१ वर. पण हे ६१ म्हणजे फुटक्या माळेचे मणी, ओळीने मोजायची सोयच नाही.

खरं सांगायचं तर पहिल्या ३८ वेळी मला सवय बिवय काही लावायची नव्हतीच. खाली हॉर्न वाजायचा, मी उतरायचे. १९२० च्या दशकात ओटो क्योलर नावाच्या जर्मन माणसाने बर्लिनच्या एका रोइंग क्लबमधल्या खेळाडूंना आधी एकेकट्याने आणि मग जोडीने वजन उचलायला लावलं होतं. जोडीतला जो कमजोर, तो एकटा असताना जेवढा टिकायचा त्याहून जास्त वेळ टिकला. दुसऱ्याला आपल्यामुळे थांबावं लागू नये म्हणून. दोघांच्या ताकदीत फरक मात्र बेताचाच हवा, फार असला की कमजोर गडी आधीच हात टेकतो. शंभर वर्षांपूर्वी तिकडे कोणीतरी मला मोजून ठेवलंय. जोडीतलं दुसरं माणूस उठून गेल्यावर कमजोर गड्याचं काय झालं, त्याची नोंद नाही. नोंद काय, जुलैचं पान आहेच.

झोपते. उद्या काकूंना तोंड कसं दाखवायचं?


गुरुवार

दाखवलं. काल आणि आज, दोन्ही दिवस गेले. (६२, ६३.)

आधी काल. छाती अशी भरून आली होती की मंगळवारी रात्री शिंक आली तेव्हा मी ती वाटेतच थांबवली. दार ढकलायला खांदा लावावा लागत होता. खांदा मात्र, आश्चर्य, दुखत नव्हता. दुखत होतं ते जिथे दुखायला हवं तिथे. इतके दिवस मी असल्या दुखण्याला 'लॅक्टिक अ‍ॅसिड साठलं' म्हणायचे, कारण ती म्हणायची. तसं नसतं. ते तासाभरात निघून जातं. हे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीचं ठणकणं वेगळं, अनोळखी कामाने स्नायूंच्या तंतूंना बारीक बारीक इजा होते त्याचं. सरावाचं काम असेल तर असं होत नाही. अंगाला ते काम नवं असेल तरच होतं.

थोडक्यात, माझ्या छातीच्या स्नायूंना विचारलं असतं, "नवीन का?", तर तेही हो म्हणाले असते. मी खोटं बोललेच नव्हते म्हणायचं! ही पळवाट मी काल दिवसभर चघळली. अजून पूर्ण पटलेली नाही.

आणि आज कमाल झाली. ट्रेडमिलवर शेजारी काकू. पाठ ताठ, हात सुटे, घाम सुद्धा शिस्तीत. मी विचारलं, "काकू, तुम्ही किती वर्षं येताय इथे?"

"वर्षं कुठली! एप्रिलमध्ये आले. रिपोर्ट आले ना तेव्हा..." पुढचं त्यांनी बोलायचं टाळलं आणि वेग वाढवला.

एप्रिल! म्हणजे त्या मला तीन महिने ज्युनिअर. ज्या बाईसमोर मी परवा पिन कशी ओढतात ते शिकले, ती मीच जुनी असताना नवी होती. आणि तिने मला नवीन समजावं यात तिची काहीच चूक नाही, कारण ती आल्यापासून मी दिसलेच किती वेळा? हसू आवरेना. पाय पट्ट्याच्या कडेला गेला, कशीबशी दांडी धरली. "हळू गं, नवीन नवीन असंच होतं," काकू म्हणाल्या.

सांगायला हवं होतं त्याच वेळी. नाही सांगितलं. आता सांगितलं तर त्यांना वाटेल मी तीन दिवस त्यांची मजा बघत होते. आणि खरं म्हणजे त्या रोज एक मशीन शिकवतायत, आज लेग प्रेसचा नंबर होता, तिथेही मी काहीतरी भलतंच करत होते. गुडघे आत येत होते म्हणे. ट्रेनरने पण सांगितलं असेल कधीतरी. तेव्हा मी जुनी होते, ऐकलं नसेल.

शेवटी चेस्ट प्रेस. चार नंबरचं भोक, १५ किलो, दहा-दहाचे तीन सेट. शेवटच्या सेटला आठव्यावरच हात थरथरले, बाकीचे दोन काकूंनी "दे, दे, दे" करत काढून घेतले. पुसलं, उठले, आणि उठता उठता हात आपोआप खुंटीकडे गेला. सीट सरकन खाली, पहिल्या भोकात.

"अगं, खाली कशाला केलीस? कोण येणार आहे आता? राहू दे की तिथेच, उद्या तुलाच लागेल ना?"

परत चारवर आणली.