मातीखालची भीत आणि चंद्रावरची तुटक रेषा

चंद्राचा नकाशा म्हटलं की मुलांच्या डोळ्यांपुढे खड्डे आणि त्यांची नावं येतात. भूशास्त्रीय नकाशाला त्यापुढचं सांगायचं असतं: आधी काय घडलं, मग काय घडलं. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला यूजीन शूमेकर आणि रॉबर्ट हॅकमन या अमेरिकी भूशास्त्रज्ञांनी कोपर्निकस विवराच्या परिसराचा असा क्रम लावला, तेव्हा चंद्रावर माणूस पोहोचलेला नव्हता. हाताशी दुर्बिणीतून घेतलेले फोटो, एवढंच. कोपर्निकस ९३ किलोमीटर रुंद. त्यातून उडालेल्या मालाचे पांढरे पट्टे शेजारच्या एराटोस्थेनिस विवरावर आणि लाव्ह्याच्या काळ्या मैदानावर पसरलेत. वर पसरलंय ते नंतरचं, मग कोपर्निकस सगळ्यांत अलीकडचा. चंद्राच्या इतिहासातल्या कालखंडांची नावं आजही त्याच रचनेतून आलेली आहेत.

मी धुळे जिल्ह्यातल्या एका कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवते. तृतीय वर्षाच्या प्रात्यक्षिकात चंद्राचा एक तुकडा ट्रेसिंग पेपरवर उतरवायचा असतो. त्या वर्षी मी एरियाडेयसची खचदरी निवडली. चंद्रावरच्या प्रशांत सागर नावाच्या लाव्ह्याच्या मैदानाच्या पश्चिमेला ३०० किलोमीटरहून लांब, जवळजवळ सरळ जाणारी ही दरी. मे १९६९मध्ये अपोलो १०च्या अंतराळवीरांनी तिचा फार सुंदर फोटो घेतला आहे. दोन समांतर भेगा आणि त्यांच्यामधली जमीन खाली बसलेली. वाटेत एक डोंगराची धार आडवी येते, तर तिचाही तेवढा तुकडा दरीबरोबर खाली उतरलेला दिसतो. म्हणजे धार आधीची, दरी नंतरची. दरीच्या तळावरची छोटी विवरं त्याहून नंतरची.

इथवर मुलं झपाझप आली. अडलं ते पुढच्या प्रश्नाशी: जमीन खचली कशामुळे?

अशा काही खचदऱ्यांखाली डाइक, म्हणजे भेगेत घुसून तिथेच गोठलेल्या खडकाच्या उभ्या भिंती, असाव्यात, असं ग्रहांचा अभ्यास करणारे अनेक संशोधक मानतात. वितळलेला खडक खालून उभ्या भेगेत घुसतो आणि पृष्ठभागाच्या थोडं अलीकडे थांबतो. त्याच्या रेट्याने वरचं कवच दोन्ही बाजूंना ताणलं जातं आणि मधला पट्टा खाली बसतो. मी फळ्यावर आकृती काढत होते, तेवढ्यात साक्री तालुक्यातली एक मुलगी मागच्या बाकावरून म्हणाली, "मॅडम, हाई ते आमना वावरमा बी शे."

वर्ग हसला. ती हसली नाही. तिला तिच्या शेतातली, जमिनीतून वर आलेली भिंत म्हणायची होती, आणि ती बरोबरच बोलत होती. नंदुरबार-धुळे पट्टा म्हणजे डाइकांचं रानच आहे. दोनशेहून जास्त डाइकांची मोजणी झाली आहे, बहुतेक तापीच्या दिशेने पूर्व-पश्चिम धावणारे. साक्रीकडून धुळ्यावरून पारोळ्याकडे जाणारा एकच डाइक सुमारे ७९ किलोमीटर लांब आहे. एसटीच्या खिडकीतून आमची मुलं या काळ्या भिंती लहानपणापासून बघतात. आणि आम्ही मास्तर मंडळी डाइक शिकवताना पुस्तकातली परदेशी चित्रं दाखवतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

दुपारचं लेक्चर बदलून घेतलं आणि कॉलेजची गाडी काढली.

कापसाची वेचणी चालू होती. त्या मुलीच्या शिवाराच्या कडेला डाइक दोन पुरुष उंच उभा होता, आजूबाजूचा बेसॉल्ट, म्हणजे लाव्ह्याचा खडक, झिजून खाली गेलेला. लाव्ह्याच्या थरात दगडी खांब उभे असतात. इथे तेच खांब आडवे, सरपण रचून ठेवावं तसे एकावर एक. डाइक दोन्ही बाजूंच्या भिंतींकडून आत थंड होत जातो, म्हणून खांब भिंतींना काटकोनात तयार होतात. मी मुलांना भिंग देऊन कडेपासून मधल्या भागापर्यंत दगड पाहायला लावला. अगदी कडेचा दगड काळा, घट्ट. त्यात कण म्हणून दिसत नाहीत. हातभर आत गेलं की बारीक दाणे दिसू लागतात, आणि मधोमध तर फेल्डस्पार या खनिजाच्या पांढुरक्या काड्या नुसत्या डोळ्यांना कळतात. कडेचा वितळलेला खडक गार खडकाला टेकला आणि झटकन गोठला. म्हणजे डाइक घुसला तेव्हा शेजारचा थर आधीच थंड होऊन बसलेला होता. सकाळी फोटोत लावलेला क्रम आता बोटांखाली होता. एक मुलगा त्या कडेवर किती तरी वेळ अंगठा फिरवत बसला होता. त्याला मी उठवलं नाही.

मुलीचे आजोबा बांधावर आले. डाइक पुढे कुठे जातो, असं मी विचारलं. कारण थोड्या अंतरावर तो काळ्या मातीत बुडाला होता आणि पुढे नुसता कापूस दिसत होता. त्यांनी काठीने कापसातून एक रेघ दाखवली. "ताई, मातीखाले भीत शे. पानी आठेच अडस." भीत म्हणजे भिंत. रेघेच्या वरच्या अंगाला त्यांची विहीर, तिला उन्हाळ्यापर्यंत पाणी पुरतं. खालच्या अंगाच्या शेजाऱ्याची विहीर फार आधी तळ दाखवते. घट्ट, भेगा नसलेला डाइक भूजलाला आडवा बांध होतो आणि उताराच्या वरच्या बाजूला पाणी तुंबतं. डाइकला भेगा असतील तर उलट त्यातूनच पाणी वाहतं, तेव्हा प्रत्येक डाइक असाच वागेल असं नाही. आजोबांचा वागत होता. न दिसणाऱ्या खडकाची जागा त्यांनी पाण्यावरून ओळखली होती.

कळण्याची भाकरी आणि ठेचा आग्रहाने खाऊ घालूनच त्यांनी आम्हाला सोडलं.

त्या दिवशी शुद्ध सप्तमी होती. संध्याकाळी कॉलेजच्या गच्चीवर दुर्बीण लावली. पौर्णिमेला चंद्र बघायला गोड, पण उंचसखलपणाच्या अभ्यासाला निरुपयोगी, सावल्याच नसतात. सप्तमीला उजेड-अंधाराची सीमा एरियाडेयसच्या जवळ येते आणि तिरप्या उन्हात दरी काळ्या दोऱ्यासारखी उमटते. मुलांनी आळीपाळीने ती पाहिली. पश्चिमेला हायगिनसची दरी अजून अंधारात होती, तिच्यासाठी फोटोवरच भागवावं लागलं.

खरी मजा खाली प्रयोगशाळेत नकाशा पुरा करताना आली. दरीच्या दोन्ही कडा मुलांनी अखंड रेषेने काढल्या, त्या दिसतात म्हणून. खालचा डाइक दाखवायचा का, यावर जुंपली. अंगठा फिरवणारा मुलगा म्हणाला, दिसत नाही ते नकाशावर कशाला? साक्रीची मुलगी म्हणाली, आमच्या आबांनाही दिसत नव्हती, तरी ती भीत आहेच की. त्यावर त्याने विचारलं, "तुझ्या आबांकडे दोन विहिरी होत्या. इथं काय आहे?"

इतका नेमका प्रश्न मी बऱ्याच दिवसांत वर्गात ऐकला नव्हता. मी हायगिनसचा फोटो पुढे ठेवला. त्या दरीच्या मध्ये सुमारे १० किलोमीटर रुंदीचं एक विवर आहे आणि त्याला आघाताच्या विवरासारखा उंच काठ नाही. दरीच्या रेषेवर ओळीने खळगे आहेत, जमीन आतून ढासळल्यासारखे. खाली मॅग्मा, म्हणजे वितळलेला खडक, शिरल्याची ही चांगली खूण मानली जाते. मग एरियाडेयसवर अशी खळग्यांची ओळ शोधा, एवढंच मी सांगितलं.

सगळे फोटोवर वाकले. भिंग इकडून तिकडे फिरलं. तशी ओळ सापडली नाही.

वाद तिथेच मिटला, तोही त्यांनीच मिटवला. हायगिनसखाली तुटक रेषा. एरियाडेयसखालीही तुटक रेषा, पण तिच्यावर प्रश्नचिन्ह. नकाशाशास्त्रात या दोन्ही खुणांना ठरलेला अर्थ आहे. पहिली म्हणजे पुराव्यावरून काढलेलं अनुमान, दुसरी म्हणजे अनुमान आहे पण पुरावा अपुरा. मी कारण नकाशाच्या खुणांच्या सूचीत लिहायला सांगितलं. मुलीने पेन्सिलने लिहिलं: "हायगिनस: काठ नसलेलं विवर आणि खळग्यांची ओळ, म्हणून डाइक संभवतो. एरियाडेयस: फक्त खचलेली जमीन दिसते." तिच्या शेजारी बसून त्या मुलाने खाली आणखी एक ओळ जोडली: "खळगे मिळाल्यास प्रश्नचिन्ह काढावे."