टॉफी की बटरस्कॉच? ईएसबीचा छडा लागला एकदाचा

मंडळी, माझ्या घरच्या ईएसबीला (एक्स्ट्रा स्पेशल बिटर, इंग्लिश एल म्हणजे बीअरचा एक प्रकार) कुणाला टॉफीचा तर कुणाला लोण्याचा वास का येतो, ते सापडलं! मागच्या अपडेटवर ज्यांनी ज्यांनी क्रिस्टल (कॅरमेलची चव देणारा माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं जव) कमी कर म्हणून सांगितलं होतं त्यांना आधीच सांगतो, क्रिस्टलचा काही संबंध नव्हता आणि मी ते एक ग्रॅमसुद्धा कमी करणार नाहीये. रेसिपी तीच, मॅरिस ऑटर (हा मुख्य माल्ट), सात टक्के मीडियम क्रिस्टल, थोडा फ्लेक्ड मका, हॉप्स चॅलेंजर आणि गोल्डिंग्ज, ओजी (आंबण्याआधीची घनता) १.०५४.

नवीन लोकांसाठी थोडक्यात. एकाच ब्रूच्या बाटल्या दोन जजेसकडे गेल्या, एकाने शीटवर लिहिलं सुंदर टॉफी, अरोमाला १२ पैकी १०. दुसऱ्याने लिहिलं डायसेटिल (यीस्टमुळे येणारा लोण्याच्या वासाचा पदार्थ), बटरी, १२ पैकी ५. दोघंही मुरलेले, इथे इंग्लंडातल्या डर्बीत आयुष्यभर कास्क म्हणजे पिंपातली एल पिऊन जीभ तयार झालेले. आता पन्नासापैकी अरोमा १२ आणि फ्लेवर २०, म्हणजे ३२ मार्क याच एका प्रश्नावर लटकलेत, की समोर येतंय ते माल्टचं आहे की यीस्टचं. आणि माल्टी इंग्लिश एल जज करताना हाच प्रश्न सगळ्यात अवघड आहे असं माझं ठाम मत झालंय. आयपीएमध्ये (हॉप्सचा जोर असलेल्या बीअरमध्ये) लोणी आलं तर शेंबडं पोरही पकडेल, पण ईएसबीमध्ये टॉफी असायलाच हवी, आणि लोणी नेमकं तिच्याच पदराआड लपतं. त्यात बीजेसीपी या बीअर जजेसच्या संस्थेच्या २०१५च्या गाईडलाईनमध्ये ब्रिटिश बिटरला अगदी हलका डायसेटिल माफ आहे, म्हणजे जजलाही खात्री नसते की चूक म्हणू की स्टाईल म्हणू.

तर मी काय केलं, एकच मॅश (गरम पाण्यात भिजवलेला माल्ट), फक्त मॅरिस ऑटरचा (वॉर्मिन्स्टरचा फ्लोअर माल्टेड, महाग आहे पण पहिल्या घोटाला जो बिस्किटासारखा वास येतो त्यासाठी पैसे वसूल, या बाबतीत मी वाद घालायला कायम तयार आहे). वर्ट (मॅशमधून निघालेलं गोड पाणी) दोन पातेल्यांत अर्धा अर्धा. एकात क्रिस्टल पिशवीत घालून भिजवलं, दुसऱ्यात काहीच नाही. यीस्ट तेच, लंडनच्या फुलर्स ब्रुअरीवालं लिक्विड, दोन डेमीजॉन (मोठ्या बाटल्या) शेजारी शेजारी, एफजी (आंबून झाल्यावरची घनता) स्थिर झाल्यावर एकाच दिवशी थंड केले आणि बाटल्या भरल्या.

बाटल्या तीन आठवडे कंडिशन झाल्या आणि मग ट्रायअँगल टेस्ट (तीन मग, त्यातला वेगळा एक ओळखायचा). सकाळी, घरात फोडणी पडायच्या आधी, कारण एकदा मोहरी-हिंग तडतडली की दुपारपर्यंत नाक गेलंच समजा. रंगावरून ओळखू नये म्हणून जाड चिनी मातीचे मग घेतले. बायकोने ओतलं. ती एल पीत नाही, पण नाक असलं जबरदस्त आहे की दूध नासायच्या आदल्या दिवशी सांगते. तिने ओततानाच बिनक्रिस्टलच्या बाटलीवर नाक ठेवलं आणि म्हणाली, "अरे, याला बटरस्कॉच आइस्क्रीमचा वास येतोय की." बिनक्रिस्टलच्या! ज्यात टॉफी यायला काही कारणच नाही! मी नंतर मगातून घेतलं, आणि खरंच, वास तोच, फक्त खाली आधाराला कॅरमेल नाही, त्यामुळे लोणी एकदम उघडं पडलेलं.

तिथेच सगळं उलगडलं, लोणी क्रिस्टलचं नाही, यीस्टचं. आणि मग दोन्ही मग घेऊन मी बराच वेळ बसलो आणि दोन्हीतला फरक नीट लिहून काढला, तुमच्याही उपयोगी पडेल. डायसेटिल पहिल्या हुंगण्यात अंगावर येतं आणि तीन-चार वेळा हुंगलं की नाक त्याला सरावतं, मग गायब, म्हणून पहिला वास लगेच लिहायचा, वाट बघायची नाही. क्रिस्टलची टॉफी तशी पळत नाही, ती घोटाच्या मध्यावर येते, गिळल्यावर मनुका आणि जळक्या साखरेकडे झुकते. दुसरं म्हणजे जीभ. डायसेटिल असेल तर जिभेवर आणि दातांच्या मागे बुळबुळीत थर बसतो, क्रिस्टलमध्ये गोडवा असतो, भरीवपणा असतो, पण बुळबुळ नाही. तिसरं तापमान. फ्रिजमधून चार डिग्रीला काढून पाजलं तर दोन्ही गप्प. १२-१३ डिग्रीला, म्हणजे सेलरच्या तापमानाला सुरू करायचं, आणि ग्लास हातात धरून गरम होऊ द्यायचा, लोणी वर चढत जातं. पबातल्या पिंटच्या ग्लासात हे कळत नाही हो, वरचं तोंड रुंद असतं आणि वास उडून जातो. वाईनचा छोटा ग्लास घ्या, एक तृतीयांश भरा. आणि डिशवॉशरमध्ये ग्लास धुवू नका, रिन्स एड फेस मारतं आणि मग अपिअरन्सचे तीनातले दोन मार्क उगाच जातात.

आता प्रश्न असा की बाटली भरताना मी स्वतः चाखलं होतं तेव्हा लोणी का नव्हतं? इथे फोर्स्ड टेस्ट आली. पुढच्या बॅचला एफजी १.०१६ वर थांबल्यावर दोन छोटे ग्लास काढले, वर फॉईल, एक तसाच ठेवला, दुसरा साठ-पासष्ट डिग्रीच्या गरम पाण्यात वीस मिनिटं, मग थंड करून दोन्ही हुंगले. थंड ग्लास एकदम स्वच्छ. गरम केलेल्यात बटरस्कॉच, भरपूर! म्हणजे डायसेटिल तयार झालेलं नव्हतं, त्याच्या आधीचा माल, अल्फा-ॲसिटोलॅक्टेट, एलमध्ये नुसता बसून होता. त्याला वास नाही, चव नाही, जजला काय, कुणालाच कळणार नाही. पुढे बाटलीत, जरा उष्णता आणि जरा ऑक्सिजन मिळाला की त्याचं डायसेटिल होतं. एरवी यीस्ट ते परत खाऊन टाकतं, पण हे इंग्लिश यीस्ट इतकं फ्लोक्युलंट की काम आटपलं की दगडासारखं तळाशी जाऊन बसतं, थंड केलं की अजूनच. लोणी साफ करायला वर कुणी शिल्लकच नाही. एका जजने बाटली लवकर उघडली, दुसऱ्याने उशिरा, गरम खोलीत ठेवलेली. दोघंही बरोबर होते!!

मग त्या बॅचला थंड न करता २१ डिग्रीवर चढवलं, डेमीजॉन हळूच गोल फिरवून यीस्ट परत वर आणलं (झाकण न उघडता, हवा आत जायला नको), आणि रोज संध्याकाळी दोन ग्लास. गरम ग्लासातला वास कमी होत गेला, शेवटी दोन्ही ग्लास सारखे झाले आणि मगच थंड केलं. एफजी तोवर एका पॉइंटनेसुद्धा हलला नव्हता. हायड्रोमीटर बघून बाटल्या भरायच्या हा नियम या यीस्टला पुरत नाही. तरंगणारं ब्लूटूथवालं हायड्रोमीटर घेण्यापेक्षा ते पैसे एका चांगल्या थर्मामीटरवर आणि दोन सारख्या ग्लासांवर घालवा असं आता माझं म्हणणं आहे.

मधे एक भलताच वैताग झाला तोही सांगतो. सरावासाठी साध्या लागर बीअरमध्ये बटर इसेन्सचे थेंब घालून नाक तयार करायचं असं ठरवलं होतं. सुपरमार्केटातून इसेन्स आणला, थेंबावर थेंब घातले, येतोय तो बेकरीचा वास, पण डायसेटिलचा तो नाकात घुसणारा वास नाहीच. पॉपकॉर्न कारखान्यातल्या कामगारांच्या फुप्फुसांवर डायसेटिलच्या वाफेने परिणाम झाल्याचं उघड झाल्यापासून बऱ्याच कंपन्यांनी ते इसेन्समधून काढून टाकलंय. चांगलंच केलं, पण आपल्या कामाचा तो इसेन्स नाही. होमब्रू जजेससाठी मोजून भरलेल्या फ्लेवरच्या कॅप्सूल मिळतात, त्याच घ्या. आणि गटात करा, कारण काही लोकांना डायसेटिल जवळजवळ कळतच नाही, ते आधी माहीत असलेलं बरं. आमच्यातल्या एका अनुभवी मित्राला असंच निघालं, तो आता हॉपी बीअरच्या टेबलावर जज म्हणून बसतो आणि तिथे त्याच्याइतका धारदार दुसरा कुणी नाही.

नवी बॅच परवा दोघा जजेसना एकत्र बसवून पाजली, शेजारी फुलर्स ईएसबीची बाटली ठेवून. मापदंड म्हणून ती हवीच, १९७१ पासूनची एल आहे, १९७८, १९८१ आणि १९८५ अशी तीनदा कामरा या ब्रिटिश एलप्रेमींच्या संघटनेची चॅम्पियन बीअर ऑफ ब्रिटन झालेली, तिच्यातलं मार्मलेड आणि कडक माल्ट एकदा डोक्यात बसलं की बाकी सगळ्या स्ट्राँग बिटर कुठे आहेत ते लगेच कळतं. माझी तिच्या तोडीची नाही, शेवटाला कोरडेपणा कमी पडतो, मार्मलेडही नाही. पण दोघांच्याही शीटवर टॉफी. दोघांच्याही! डायसेटिल शब्द कुठे नाही. ३७ आणि ३८. जो आधी ५ देऊन गेला होता त्याने दुसरा ग्लास मागून घेतला, मला त्या ३८ पेक्षा त्याचाच आनंद जास्त झाला.

आता पुढचं. ठरवलं होतं की यीस्ट बदलून ड्राय वापरायचं, ते रद्द, या यीस्टमध्ये जो संत्र्याच्या सालीसारखा एस्टर येतो तो दुसरीकडे मिळायचा नाही. कोरडेपणासाठी मॅश ६८ वरून ६६ डिग्रीवर आणतो आणि जिप्सम (सल्फेट असलेलं खनिज) थोडं वाढवतो, बीअरचं गाव बर्टन इथून जवळच आहे, त्यांच्या पाण्यातलं सल्फेट उगाच प्रसिद्ध नाही. मेमध्ये माइल्डचा (कमी कडवट, हलक्या एलचा) महिना असतो तर डार्क माइल्ड करायची होती, ३.५ टक्क्यांची... पण हे लिहिता लिहिता डोक्यात आलं की माइल्डमध्ये तर लपायला अजून जागा, क्रिस्टलही आहे आणि चॉकलेट माल्टही. मग तिथेही आधी वर्ट अर्धा करून एका भागात क्रिस्टलऐवजी घरी केलेलं इन्व्हर्ट सिरप (ॲसिड घालून उकळलेला साखरेचा पाक) घालून बघतो, मनुका कुठून येते ते तरी कळेल. म्हणजे ईएसबीचा पुढचा ब्रू एक महिना मागे. चालेल. कुणी इन्व्हर्ट नंबर तीन (गडद रंगाचं) घरी केलंय का, रंग कुठे थांबवता? सायट्रिक ॲसिड किती घालता तेही सांगा, शनिवारी गॅसवर ठेवतोय.