नणंदेचे पंधरा गुण

कॅनडाच्या पीआरचा, म्हणजे कायमच्या वास्तव्याच्या परवानगीचा, अर्ज कोणाच्या नावावर करायचा, हा प्रश्न आमच्या घरी कोणाला पडलाच नव्हता. नवऱ्याच्याच, आणखी कोणाच्या? तो मेकॅनिकल इंजिनिअर, चौदा वर्षांचा अनुभव. मी नाशिकच्या एका फूड कंपनीच्या लॅबमध्ये मायक्रोबायोलॉजिस्ट. मग एका रविवारी त्याने कॅनडा सरकारच्या कॅल्क्युलेटरमध्ये आम्हा दोघांची माहिती आलटून पालटून भरली आणि गप्पच बसला. माझं नाव वर ठेवलं की साठाहून जास्त गुण वाढत होते. तो ३७ चा, मी ३१ ची. वयाचे त्याला ६०, मला ९०. शिवाय त्याची डिग्री एकच, माझं एमएस्सी. ‘म्हणजे मी तुझा डिपेंडंट,’ तो म्हणाला. सासूबाईंना हा शब्द कळला नाही, आणि आम्ही समजावून सांगायच्या भानगडीत पडलो नाही.

गुणांवर पीआर देणाऱ्या एक्स्प्रेस एन्ट्री या पद्धतीत दोन चाळण्या असतात. फेडरल स्किल्ड वर्कर म्हणून पात्र व्हायला १०० पैकी ६७ गुण लागतात. ते होतात. खरी चुरस दुसऱ्या चाळणीत, सीआरएस या क्रमवारीच्या गुणांमध्ये. तिथे एकूण गुण १२००, पण त्यातले ६०० एकदम मिळतात ते कॅनडातल्या एखाद्या प्रांताने नामांकन दिलं तरच. ते नसलं की उरलेल्या ६०० मध्ये रांगेत उभं राहायचं, आणि दर फेरीला वरचे काही जण निमंत्रणासाठी उचलले जातात.

माझं घोडं अडलं आयएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेच्या रायटिंगमध्ये. ऑक्टोबर २०२२ मध्ये लिसनिंग ८, रीडिंग ८.५, स्पीकिंग ७.५ आणि रायटिंग ६.५. घरच्यांनी पेढे आणले. मी कॅल्क्युलेटर उघडला: ४०९. रायटिंगमध्ये अर्धा बँड (आयएलटीएसचा गुण) कमी पडला, तर नुकसान त्या विषयापुरतं राहत नाही. चारही विषयांत सीएलबी (कॅनडाची भाषेची पातळी) ९ असेल तरच भाषेला जोडून शिक्षणाचे आणि परदेशी, म्हणजे कॅनडाबाहेरच्या, अनुभवाचे मिळून पूर्ण १०० गुण मिळतात. एकही विषय खाली गेला की थेट ५०. सीएलबी ९ ला रायटिंगमध्ये ७ लागतात. त्या अर्ध्या बँडने माझे जवळजवळ साठ गुण गिळले होते.

दुसऱ्या वेळी क्लास लावला नाही. स्वतःचेच जुने निबंध वाचले आणि दोष दिसला: मी लॅब रिपोर्ट लिहीत होते. ‘असे आढळून आले’ छापाची लांबलचक वाक्यं, आणि मत शेवटच्या ओळीत. परीक्षेतल्या पत्रातही तेच, मैत्रिणीला लिहायचं पत्र बँक मॅनेजरला लिहिल्यासारखं. दोन महिने रोज पहाटे एक निबंध, मत पहिल्या परिच्छेदात. जानेवारीत रायटिंग ७.५ आलं, लिसनिंगही ८.५ झालं. पण त्याच महिन्यात मला ३२ पूर्ण झाली आणि वयाचे ५ गुण गळाले. वाढदिवसाला इतकी वैतागलेली मी कधीच नव्हते.

हिशोब आला ४६७. तेव्हाच्या फेऱ्या ४९० च्या आसपास बंद होत होत्या.

मग ताई आठवल्या. माझी मोठी नणंद मिसिसागाला राहते, तिच्याकडे पीआर आहे. अर्जदाराचं किंवा जोडीदाराचं सख्खं भावंड कॅनडात असेल तर १५ गुण मिळतात. पण सख्खेपण कागदावर सिद्ध करायचं म्हणजे आपल्याकडे दिव्यच. लग्नात ताईंचं पहिलं नावही बदललेलं, त्यामुळे जन्मदाखल्यावरची मुलगी आणि पीआर कार्डावरची बाई वेगळीच. त्यात तिच्या दाखल्यावर आईचं माहेरचं नाव, माझ्या नवऱ्याच्या दाखल्यावर सासरचं. ताईंच्या नावबदलाचं राजपत्र सापडलं ते सासूबाईंच्या ट्रंकेत, साडीच्या घडीत. सासूबाईंसाठी स्टँप पेपरवर ‘दोन्ही नावांची व्यक्ती एकच’ असं प्रतिज्ञापत्र केलं. त्या सही करताना म्हणाल्या, ‘मी एकच आहे हे मला आत्ता लिहून द्यावं लागतंय होय?’

४८२ गुणांनी प्रोफाइल टाकलं. १५ मार्च २०२३ ची फेरी ४९० ला थांबली. २३ मार्चची ४८४ ला. दोन गुणांनी हुकले, आणि वयाचे ते पाच असते तर आलेच असते, हे त्या रात्री नवऱ्याने तीनदा सांगितलं. २९ मार्चला ४८१. एका गुणाने आत.

निमंत्रण आलं की ६० दिवसांत सगळी कागदपत्रं चढवायची. डिग्रीचं मूल्यांकन आधीच केलेलं होतं म्हणून निभावलं. सर्वांत त्रास झाला अनुभवाच्या पत्राचा. नुसतं पद आणि तारखा चालत नाहीत. काम नेमकं काय, आठवड्याला तास किती, पगार किती, सगळं लेटरहेडवर हवं. माझ्या आधीच्या कंपनीचं एचआर म्हणे, आमचा ठरलेला मसुदा आहे, त्यात कामाचं वर्णन बसत नाही. शेवटी तिथल्या माझ्या जुन्या सरांनी प्रतिज्ञापत्र करून दिलं, सोबत पगाराच्या स्लिपा आणि फॉर्म १६ जोडले.

पैशांचंही सांगते. गुणपत्रकात आमच्या लेकीला जागाच नाही, पण खर्चाच्या तक्त्यात ती आहे. तिघांसाठी तेव्हा २०,३७१ कॅनेडियन डॉलर दाखवायचे होते, तेही सहा महिन्यांच्या सरासरी शिलकीसह. प्लॉट चालत नाही, सोनं चालत नाही. एफडी चालली. कोणी कर्जाऊ रक्कम खात्यात फिरवायचा सल्ला दिला तर ऐकू नका. उसने पैसे ग्राह्य धरत नाहीत.

पोलीस क्लिअरन्स, मेडिकल, बायोमेट्रिक्स हे सगळं सुरळीत झालं.

हे वाचून कोणी ४८२ वर विसंबू नये. पुढच्याच वर्षी सर्वसाधारण फेऱ्या ५२४ च्या खाली आल्याच नाहीत, आणि मार्च २०२५ पासून नोकरीच्या ऑफरचे गुणही गेले. फ्रेंच येणाऱ्यांच्या वेगळ्या फेऱ्या मात्र बऱ्याच खाली उतरल्या. माझी एक मैत्रीण सध्या फ्रेंचच्या मागे लागली आहे.

पासपोर्ट परत आले त्या रात्री ताईंना फोन केला. ‘माझ्या पंधरा गुणांचे काय देतेस?’ तिने लगेच विचारलं, आणि दरही तिनेच ठरवला: गुणाला पाव किलो गोडा मसाला. पावणेचार किलो झाला. विमानतळावर बॅग भरली जास्त, तेव्हा माझी मायक्रोबायोलॉजीची जाड पुस्तकं काढून सासऱ्यांच्या हातात दिली.